एकोणीस नंबरची चिठ्ठी

मोहिते काकांची आणि माझी ओळख कुकरने करून दिली. अमेरिकेत, फ्रीमाँटच्या टाउनहाउसमध्ये राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. ऑफिसातून दमून आले, डाळ लावायला कुकर काढला, तर त्याच्या दांडीला लाल रिबिनीने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘रिंग काढली आहे. कुकर वापरू नये. रिंग शेजारी मोहित्यांच्या कुकरला लावली आहे. उद्या संध्याकाळी सहाला परत.’ खाली तारीख, वेळ आणि सही. माझा नवरा शैलेश सोफ्यावर बसून हसत होता. शेजारच्या काकांकडची रिंग तुटली, त्याने न्या म्हटलं, तर त्यांनी म्हणे आधी चिठ्ठी लिहिली आणि मगच रिंगला हात लावला. मला काही हसू आलं नाही. माझा कुकर, माझा ओटा, आणि नोटीस मलाच.

दुसऱ्या दिवशी सहाला बेल वाजली. दारात सहा फुटी, ताठ, इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ. खिशाला पेन, छोटा टॉर्च आणि घडी केलेलं फडकं. रिंग धुऊन पुसून आणली होती. आत येऊन स्वतः बसवली, झाकण दोनदा फिरवून बघितलं आणि मग कुकर माझ्यासमोर सरकवला. म्हणाले, “आता तुम्ही बघा. बसवली मी, म्हणून बघायचं दुसऱ्याने.” मी उगाच बोट फिरवून ठीक आहे म्हटलं. तेव्हा कुठे त्यांनी चिठ्ठी सोडली. मग विचारलं, गाव कुठलं? नागपूर म्हटल्यावर त्या दिवसापासून मी त्यांची ‘नागपूर’ झाले. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

माणसांना गावाच्या नावाने हाक मारायची सवय बराकीतली. काका कराडकडचे. हवाई दलात त्यांनी बावीस वर्षं विमानांची इंजिनं सांभाळली, मग कारखान्यात नोकरी केली, आणि काकू गेल्यावर मुलाने, निखिलने, त्यांना इकडे आणलं. पुढे ते परत कराडला गेले. गेल्या वर्षी तिथेच वारले. मी तोवर नोकरीपायी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, अ‍ॅशबर्नला आले होते, बातमी फोनवर कळली. फोन ठेवला आणि आधी डोळ्यांसमोर आला तो माझा कुकरच. मग मात्र खूप रडले.

अमेरिकेतलं पहिलं वर्ष त्यांना फार जड गेलं. निखिल आणि सून सकाळी फ्रीवेला लागायचे ते रात्रीच उगवायचे. काकांना इथे गाडी चालवता येत नव्हती, आणि पायी कुठे जायचं म्हटलं तर पोचायला काही नव्हतं. मग त्यांनी घर दुरुस्त करायला घेतलं. घर नवं होतं, त्याला काही झालेलं नव्हतं, ही मोठीच अडचण. एका टीव्हीच्या रिमोटमधल्या बॅटऱ्या काढून दुसऱ्यात घातल्या की पहिल्या रिमोटला चिठ्ठी. गेस्टरूममधला बल्ब हॉलमध्ये आणला की गेस्टरूमच्या दिव्याला चिठ्ठी. त्यांची नात अनया एकदा आमच्याकडे येऊन कुरकुरली, “आजोबांनी माझी सायकल टॅग केली. इट्स सो एम्बॅरसिंग.” तिच्या सायकलीचं एक नट शेजारच्या मुलाच्या सायकलीला लागलं होतं. चिठ्ठीवर ठळक अक्षरात होतं: चालवू नये. ते नट परत येईपर्यंत काकांनी सायकल कुलपात ठेवली होती.

या चिठ्ठ्यांचं मूळ मला कळलं ते गाडीत. एका शनिवारी आम्ही डोंगर ओलांडून व्हॅलीतल्या एका जुन्या विमानतळावर मुलांना विमानं दाखवायला चाललो होतो. काकांनाही घेतलं. तोंडाला कुलूप लावल्यासारखा गप्प बसणारा माणूस त्या दिवशी आपणहून बोलायला लागला. बाहेर पिवळं, सुकलेलं गवत आणि सपाट मोकळं रान होतं, त्याने असेल.

एकाहत्तरच्या लढाईत काका बाविशीतले. राजस्थानच्या वाळवंटात, गावापासून लांब, एक धावपट्टी आणि तंबू. पन्नासेक माणसं. विमान उतरलं की त्यांच्या ताब्यात, अर्ध्या तासात परत उडण्याजोगं करून द्यायचं. सुटे भाग यायचे रेल्वेने, मग ट्रकने, आणि बहुतेक वेळा यायचेच नाहीत. मग एक चाक मोडून बसलेलं विमान होतं, त्यातून काढून घ्यायचे. आज याला पंप, उद्या त्याला नळी. त्या बसलेल्या विमानाची राखण काकांकडे होती. आणि चिठ्ठीशिवाय भाग काढायचा नाही, हा कायदा. जिथून काढला त्या भोकावर लाल चिठ्ठी: काय काढलं, कुठल्या विमानाला गेलं, कुणी नेलं.

शैलेशने विचारलं, एवढ्या धावपळीत चिठ्ठ्या कसल्या लिहायच्या? काका म्हणाले, “धावपळीत नाही लिहिल्या, तर माणूस समजतो की आत सगळं आहे. वरून विमान पुरं दिसतं रे. कव्हर लावलं की कळत नाही आत काय नाही ते.” लढाई संपल्यावर एकेक भाग मागवून, एकेक चिठ्ठी सोडत त्यांनी ते विमान चार महिन्यांत पुन्हा उभं केलं. ते उडालं त्या दिवशी काका जेवले नाहीत. आनंदाने भूकच गेली, म्हणाले.

विमानतळावर एका पत्र्याच्या हँगरमध्ये दहाबारा निवृत्त अमेरिकन म्हातारे एक डकोटा उभं करत होते. दुसऱ्या महायुद्धातलं, दोन इंजिनांचं. मागे गवतात तसंच एक पंख नसलेलं विमान पडलं होतं, त्यातले भाग यात घालायचे. आम्ही दोरीच्या अलीकडे उभे राहून फोटो काढत होतो, तेवढ्यात काका दोरी ओलांडून सरळ आत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इंजिनाच्या हवेच्या तोंडात कुणीतरी राखाडी फडकं कोंबलं होतं. काका तिथे खुर्चीत बसलेल्या एका अतिवृद्ध माणसाला हवाई दलाच्या इंग्रजीत ऐकवत होते की फडकं राखाडी नको, लाल पाहिजे. राखाडी आत राहतं आणि कुणाला दिसत नाही.

तो माणूस म्हणजे वॉल्टर. वय एक्याण्णव, कानाने जवळजवळ ठार बहिरा, नजर मात्र घारीची. त्याने काकांना दोनदा तेच मोठ्याने बोलायला लावलं आणि विचारलं, हे कुठे शिकलास? काका म्हणाले, “डेझर्ट.” वॉल्टर म्हणाला, “मीसुद्धा.” आणि शेजारची घडीची खुर्ची उघडून दिली.

वॉल्टर नेब्रास्काच्या शेतकऱ्याचा मुलगा. विशीत सैन्यात गेला, आणि त्याला पाठवलं ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या ओसाड मुलखात. तिथल्या लाल मातीत पाडलेली धावपट्टी, तंबू, माश्या. सगळ्यात जवळचं गाव ट्रकने दिवसभराच्या वाटेवर. दीड वर्ष त्याने तिथे विमानं दुरुस्त केली. ऊन असं की नट पिळायचे पाने उन्हात राहिले तर हात भाजायचे, म्हणून पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचे. काका म्हणाले, आमचा डिसेंबर, पहाटे पाने इतके गार की बोटं बधिर व्हायची, आम्ही ते बगलेत धरून गरम करायचो. यावर वॉल्टर इतका हसला की त्याला ठसका लागला. तेवढ्यात आमची मुलं भुकेने रडायला लागली, पण काका काही उठेनात. शेवटी शैलेश त्यांना हाताला धरून घेऊन आला.

त्यानंतर दर शनिवारी काकांना तिथे पोचवायचं काम माझ्याकडे आलं. का, तर निखिलला शनिवारी झोपायचं असे आणि शैलेशला क्रिकेट. जाऊन-येऊन अडीच तास. मी कुरकुर करायची, पण जायची. तिथे मी लॅपटॉप उघडून बसे आणि यांची गंमत बघे. सगळ्या म्हाताऱ्यांची गावं काकांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतली. टोळीचा प्रमुख रिक, निवृत्त बस मेकॅनिक, तो झाला ‘ओहायो’. फक्त वॉल्टरला ते ‘चीफ’ म्हणत, कारण तो त्यांच्याहून सीनियर. महिन्याभरात हँगरमध्ये चिठ्ठ्या सुरू झाल्या. इथे काकांनी त्या जोडीने करायला लावल्या: एका नंबरच्या दोन, एक उघड्या भोकावर, दुसरी काकांच्या डब्यात. भाग बसला, दुसऱ्या माणसाने बघितला, की भोकावरची सोडून डब्यातलीला बांधायची. इंजिन सुरू करायच्या दिवशी सकाळी सगळ्या जोड्या जुळवायच्या. आदल्या दिवशी जुळवलेलं धरायचं नाही. रिक आधी वैतागला, मग त्यालाच सवय लागली.

वॉल्टरचं मागणं एकच होतं. उजवं इंजिन सुरू होईल तेव्हा त्याला कॉकपिटमध्ये बसायचं होतं, उजव्या खुर्चीत. उडायचं नव्हतं, डॉक्टर उडू देणारही नव्हते. हृदय पार थकलेलं. त्याने ते एकदाच बोलून दाखवलं, आणि सगळ्यांनी उजवं इंजिन आधी घेतलं.

अखेर शनिवार ठरला. वॉल्टरची मुलगी कॅरल ओरेगनहून आली. साठीची, शाळेत नर्स होती, बारीक चणीची बाई. म्हाताऱ्यांच्या घरच्यांनी खुर्च्या मांडल्या, कुणी डोनट आणले, मी चिवडा नेला. वॉल्टर दाढी करून, नवीन टोपी घालून तयार होता. आणि अकराच्या सुमाराला काका डबा घेऊन रिककडे आले. तीस जोड्या जुळल्या होत्या. एक चिठ्ठी एकटी होती. एकोणीस नंबर.

एकोणीस म्हणजे वरून इंजिनाला हवा देणारा पत्र्याचा नळ. तो तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जागच्या जागी बसलेला होता. रिक म्हणाला, चिठ्ठी वाऱ्याने उडाली असेल, आठवडाभर वारं सुटलंय. सगळ्यांनी फरशी शोधली, कचऱ्याचा डबा पालथा केला. मिळाली नाही. काका म्हणाले, मग नळ काढून बघायचा. रिकचा पारा चढला. नळ काढायचा तर वरचं सगळं आवरण उतरवायचं, आणि सांध्यात बसवलेला जुना गॅस्केट हमखास फाटणार. नवा यायला आठवडा. तो काकांना बाजूला घेऊन म्हणाला, “तो एक्याण्णव वर्षांचा आहे. त्याच्याकडे पुढचा शनिवार आहे का, सांगू शकतोस?” काका नाही म्हणाले. आणि तरीही जागचे हलले नाहीत.

खरं सांगते, मला त्या वेळी काकांचा राग आला. कॅरल रडवेली झाली होती. एका पुठ्ठ्याच्या तुकड्यापायी मरणाच्या दारातल्या माणसाची एकच इच्छा अडवून धरायची, हा कसला हेका? मी जाऊन म्हटलंही, काका, सोडा ना यार. त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक पडला होता. मराठीत, हळू आवाजात म्हणाले, “नागपूर, तो नळ मी बसवला. दुसऱ्या कुणाला दाखवला नाही. मला नीट दिसत नाहीय. सहा महिने झाले.”

एवढी वर्षं ज्या माणसाने जगाला चिठ्ठ्या बांधल्या, त्याने स्वतःच्या डोळ्यांची गोष्ट मुलापासूनसुद्धा लपवली होती. घरी कळलं तर शनिवार बंद होईल, ही भीती. त्या दिवशी नळ बसवल्यावर दुसऱ्याला बोलवायचं, तर तो विचारणार, तुम्हाला दिसत नाही का? म्हणून नाही बोलवलं.

मग ते वॉल्टरच्या खुर्चीपाशी गेले, त्याच्या कानाशी वाकले आणि मला सांगितलं तेच त्याला इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. चूक माझी, चीफ. डोळे माझे. वॉल्टरने टोपी काढून मांडीवर ठेवली, थोडा वेळ त्या इंजिनाकडे बघितलं. मग म्हणाला, “मग उभे काय राहिलात? उघडा ते.”

आवरण उतरवायला दोन तास लागले. अपेक्षेप्रमाणे गॅस्केट फाटला. नळ हातात आला तेव्हा त्याच्या आतल्या वळणावर, रिबिनीसकट, एकोणीस नंबरची चिठ्ठी चिकटलेली होती. भोकाच्या तोंडाशी बांधलेली ती चिठ्ठी आतच राहिली आणि काकांनी वरून नळ बसवून टाकला. इंजिन सुरू झालं असतं तर तिने पहिल्या मिनिटात हवा अडवली असती किंवा ती आत ओढली गेली असती. रिकने ती काढली आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

परतताना काकांनी गाडीत वाळवंटातली एक गोष्ट सांगितली, जी आधी कधी सांगितली नव्हती. तिथेही एकदा घाईत त्यांनी एक पिन काढली होती, चिठ्ठी न लावता. शेवटच्या तपासणीत ती जागेवर नाही हे सोबत्याला दिसलं म्हणून निभावलं. त्यांचा चीफ ओरडला नाही. त्याने यांना विमानाशी उभ्या असलेल्या पायलटकडे पाठवलं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायला लावलं. काका म्हणाले, शिक्षा म्हणून नाही. ज्याचा जीव आहे त्याला कळायला पाहिजे, आणि मग तो ठरवेल आपल्यावर भरवसा ठेवायचा की नाही. “पायलटने काय ठरवलं?” मी विचारलं. म्हणाले, “चढला आणि गेला.”

त्याच रात्री त्यांनी निखिलला डोळ्यांचं सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. निखिलने शनिवार बंद केला नाही, उलट पुढच्या शनिवारी तो स्वतः, त्याची बायको आणि अनया असे सगळे आमच्या मागे दुसऱ्या गाडीने आले. वॉल्टरचं पुढे चांगलं दीड वर्ष निघालं, हे आधीच सांगून टाकते; पण तो आठवडा आम्ही सगळ्यांनी फोनकडे बघत काढला. कॅरलने परतीचं तिकीट कॅन्सल केलं होतं.

त्या शनिवारी नवा गॅस्केट बसवला रिकने. बघायला काकांनी बोलावलं कॅरलला. तिचा हात लहान, नजर चांगली, आणि नर्स असल्यामुळे बघ म्हटलं की बघणारी. काकांनी तिला टॉर्च दिला. तिने नळात हात कोपरापर्यंत घालून सगळीकडे बोटं फिरवली, ग्रीस लागलेला हात बाहेर काढला आणि सगळं मोकळं आहे म्हणाली. काकांनी तिला सही करायला लावली.

डकोटा शेपटीवर बसलेलं असतं, आतली जमीन चढणीची. दोघांनी पुढून आणि दोघांनी मागून धरून वॉल्टरला वर नेलं. डावीकडे रिक, उजवीकडे वॉल्टर. खाली उजव्या पंखाच्या पुढे, आग विझवायचा सिलिंडर घेऊन काका उभे. ती जागा त्यांनी मागून घेतली होती, आणि मला शेजारी उभं केलं होतं, कारण त्यांना खिडकीपर्यंतचं दिसत नव्हतं.

इंजिनाचा पंखा दोनदा कुरकुरत फिरला आणि थांबला. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं, निळ्या धुराचा लोट बाहेर पडला, त्याचं एक सिलिंडर पेटलं, दुसरं पेटलं, आणि मग सगळंच एकदम धडधडायला लागलं. पायाखालची जमीन हलत होती. मागे अनया दोन्ही कानांवर हात ठेवून उड्या मारत होती. माझ्या डोळ्यांना धार लागली, ती धुराने नव्हे.

काका माझ्या कानाशी ओरडले, “काय करतोय चीफ?”

मी वर बघितलं. काचेमागे वॉल्टर दिसत होता. ज्याला कानाने काही ऐकू येत नव्हतं, तो समोरच्या पत्र्यावर पूर्ण पंजा टेकून, इंजिनाची धडधड हाताने ऐकत बसला होता.

“रडतोय, काका.”

“रडू दे. इंजिन लागलं की पहिला ऑइल प्रेशरचा काटा. तो बघतोय का, ते सांग.”

मी पुन्हा बघितलं. वॉल्टरने बाहीने डोळे पुसले, पुढे वाकला आणि बोटाने काचेच्या तबकडीवर टकटक केलं, एकदा, दोनदा. मग त्याने मान डोलावली.

“बघतोय,” मी ओरडून सांगितलं.

“मग ठीक आहे,” काका म्हणाले, आणि सिलिंडर दोन्ही हातांत घट्ट धरून, गालांवरून वाहणारं पाणी न पुसता, त्या धुरात ताठ उभे राहिले.